मामाचे 75 टक्के

आमच्या धाकट्या मामाला 75 टक्के आहेत. दहावीचे नव्हेत, शाळा त्याची चौथीतच सुटली. हे 75 टक्के त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरचे. प्रमाणपत्र घरी आलं तेव्हा आजीने मला विचारलं होतं, "म्हंजी पास का नापास?" सगळे हसले होते. पण गेली काही वर्षं आमचं सगळं घर आजीच्या त्याच प्रश्नाभोवती फिरतंय, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून काढावं. नातेवाईक मंडळीही हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचा आणि रागावायचं असेल तर फोनवर रागवा, इथे नको. :)

आधी टक्क्यांचं सांगते. बौद्धिक अक्षमतेचे टक्के मार्कांसारखे सलग नसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे असतात. सौम्य असेल तर 50, मध्यम 75, तीव्र 90 आणि अतितीव्र 100. सीमारेषेवरच्याला 25, पण सवलती 40 च्या पुढे सुरू होत असल्यामुळे त्या 25 चं करायचं काय हा प्रश्नच. 62 टक्क्यांचा किंवा 81 टक्क्यांचा माणूस सरकारदरबारी जन्मालाच येत नाही. आमचा मामा मध्यम, म्हणून 75. योगायोगाने एसटीतही दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, त्यामुळे मामाची पक्की समजूत आहे की कंडक्टर कार्डावरचा आकडा वाचतो आणि तेवढे पैसे कमी करतो. ही समजूत मी कधी मोडायला गेले नाही.

आणि शब्दांचंही एकदा. आमच्या लहानपणी सरकारी शब्द 'मतिमंद' होता, नंतर कुणीतरी 'गतिमंद' आणला, आता 'बौद्धिक दिव्यांग' म्हणतात. इंग्लंडमध्ये यालाच लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात, आणि त्यावरून आपल्याकडे फार घोळ होतो. कारण आपल्याकडे अध्ययन अक्षमता म्हटलं की लोकांना 2007 चा 'तारे ज़मीन पर' आठवतो. म्हणजे हुशार मुलगा, फक्त अक्षरं उलटीसुलटी दिसतात. मामाचं तसं नाही. मामाला वीसच्या पुढे मोजता येत नाही आणि उद्या-परवाचा फरक सांगता येत नाही. आजीचा शब्द 'भोळा'. गावात इतर काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

ज्यांनी घोडेगाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : नगरहून (आता अहिल्यानगर, पण आजीला हे कुणी सांगायचं) संभाजीनगरकडे जाताना हायवेवरच लागतं, नेवासा तालुक्यात. शिंगणापूरला शनीच्या दर्शनाला जाणारी पुष्कळ मंडळी इथूनच वळतात, त्यामुळे 'तुमचं गाव कुठलं' याचं उत्तर मी 'शिंगणापूरच्या फाट्याचं' असं देते आणि काम भागतं. गावची देवी घोडेश्वरी. गावाची खरी ओळख दोन गोष्टींवर. एक शुक्रवारचा जनावरांचा बाजार, जिथे म्हशी घ्यायला लांबून लांबून लोक येतात. दुसरा कांदा. बाजार समितीचा उपबाजार इथे आहे आणि लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागतात.

मामाचं आयुष्य या दोन बाजारांत गेलंय. कुणी त्याला नोकरी दिली नाही, त्यानेच हळूहळू करून घेतली. शुक्रवारी पहाटे तो बाजारतळावर असतो. म्हशींना पाणी दाखवायचं, दावं धरून उभं राहायचं, उपरण्याखाली बोटं धरून सौदा चाललेला असतो तेव्हा म्हशीला शांत ठेवायचं. म्हशी त्याच्यापाशी शांत होतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल कुणी 20 रुपये देतं, कुणी 50, कुणी नुसता चहा. आणि बाकीचे दिवस एका आडतीवर कांदा निवडायचा. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, जोड कांदा बाजूला, कोंब आलेला आणि सडका फेकायचा. यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. ज्याला वीसच्या पुढे मोजता येत नाही तो माणूस नुसत्या हातात घेऊन कांद्याचा आकार सांगतो, आणि जोड कांदा त्याच्या नजरेतून सुटत नाही. निवडणाऱ्या बायका त्याला 'मास्तर' म्हणतात, थोडं चेष्टेने आणि बरंचसं खरंच.

पगार? अहो, इथेच तर सगळी गोष्ट आहे.

मामाला मिळते ती खुशी. आडतीचा मालक बरा माणूस आहे, रोज काही ना काही हातावर ठेवतो. 100, कधी 150. बायकांना ठरलेल्या दराने मिळतात, मामाला मालकाच्या मनाने. गोण्या उचलणाऱ्या हमालांची टोळी असते. नोंदलेल्या हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, फंड आहे, बोनस आहे. ते सगळं लोकांनी लढून मिळवलेलं आहे, फुकट नाही. मामा ना टोळीत ना बायकांत. 30 वर्षं काम करून त्याच्या कामाचा एकही कागद नाही.

पैसे मिळाल्यावरही गंमत आहे. मामा नोटा आकड्याने नाही, रंगाने ओळखायचा. 2016 च्या नोटाबंदीनंतर एकेक करून सगळ्या नोटांचे रंग बदलले. लोकांना दोन महिने त्रास झाला आणि ते विसरून गेले. मामाचं आख्खं गणितच गेलं. पूर्वी निळसर नोट म्हणजे 100. मग 2017 मध्ये 50 ची नवी नोट आली ती निळी, आणि 100 ची आली जांभळट. बरेच महिने मामा 50 घेऊन 100 समजून खूश होता. कुणी मुद्दाम फसवलं असेल असं मी म्हणत नाही. पण टपरीवर चहा-बिस्किटाचे सुटे परत घेताना त्याची काय अवस्था होत असेल, विचार करा. शेवटी माझ्या आईने त्याला नव्या नोटा घेऊन बसवलं आणि पुन्हा शिकवलं. वर्ष लागलं. आज तो नोटा बिनचूक ओळखतो, फक्त 200 ची नोट त्याला अजून खोटी वाटते.

आता पेन्शन. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आम्ही त्याचा अर्ज केला तेव्हा महिन्याला 1,000 रुपये मिळायचे. 2023 मध्ये 1,500 झाले. सप्टेंबर 2025 मध्ये शासनाने दिव्यांगांसाठी ते 2,500 केले, ऑक्टोबरपासून. केंद्राचंही एक अपंग पेन्शन आहे, 2009 पासूनचं. ते दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि 80 टक्क्यांच्या पुढे. आणि मामा 75 च्या पायरीवर. त्याच्या वरची पायरी एकदम 90 ची. केंद्राचा वाटा 300 रुपयांचाच आहे, तेव्हा फार काही बुडालं असं नाही. पण 'मध्यम' माणूस त्या दारातून कधी आत जाऊच शकत नाही, हे ठरवणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल की आलं असेल?

2,500 रुपयांना हसू नका. आजीच्या घरात ते पैसे दिसतात. मामाच्या फिटच्या गोळ्या त्यातून येतात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वहिन्यांच्या स्वयंपाकघरात त्याला वाढलेल्या ताटाकडे पाहायची नजर बदलते. आमच्या मोठ्या मामी काही वाईट नाहीत, त्यांनीच त्याचं निम्मं आयुष्य काढलंय. पण 'त्याचेही येतात' हे वाक्य घरात म्हणता येणं आणि न येणं यात फार फरक आहे. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना कळेल.

तर 2024 च्या उन्हाळ्यात आडतीच्या मालकाने स्वतःहून एक गोष्ट मांडली. कांद्याची निर्यातबंदी (डिसेंबर 2023 ते मे 2024) नुकतीच उठली होती, बाजारात पुन्हा जीव आला होता. तो म्हणाला, मास्तरला मी महिन्यावर घेतो. अर्धा दिवस काम, 6,000 रुपये, खात्यात जमा, हजेरीच्या वहीत नाव. मी पुण्याहून हे ऐकलं आणि फोनवर नाचायचीच बाकी होते. 52 व्या वर्षी मामाला नोकरी!

आजी म्हणाली, "नको."

कारण ऐका. निराधार योजनेत आम्ही चौकशी केली तेव्हा दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 होती. म्हणजे महिन्याला 4,166 रुपये. 6,000 रुपये खात्यावर जमा व्हायला लागले की वर्षाचे 72,000. मर्यादा ओलांडली, पेन्शन बंद. कमी होणार नाही, बंदच. मी आजीला हिशेब सांगितला : पेन्शनचे तेव्हा वर्षाला 18,000 येत होते, पगाराचे 72,000 येतील, चौपट! आजीने तिचा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "आगं पोरी, आडत आज हाय, उद्या न्हाई. मालक गेला, पोरगं आलं, त्याला ह्यो भोळा नको झाला तर? कांदा पडला तर? पेन्शीन सोडायला एक कागद, धरायला धा कागद. माझ्या माघारी हे कागद कोन करंल?"

मी अर्थशास्त्र शिकलेय. आजीच्या बोलण्यात मला एकही चूक सापडली नाही.

नोकरीचा भरवसा नाही आणि पेन्शनचा आहे, म्हणून माणूस कामच 'दिसू' देत नाही. मामा आजही तिथेच काम करतो, तेवढंच, पण रोख आणि बिनकागदाचं. पगार म्हटला असता तर तो कामगार झाला असता. खुशी म्हटली की तो निराधार राहतो. आणि निराधार राहण्यात फायदा आहे अशी ही रचना. मला राग येतो तो इथे. 'तू काहीच करू शकत नाहीस' हे सिद्ध करणाऱ्याला मदत, आणि थोडंफार करू शकणाऱ्याने त्या थोड्याफारावर आयुष्य काढायचं. मधला माणूस कुठेच बसत नाही. आणि बौद्धिक दिव्यांगांतले कितीतरी लोक मधलेच असतात. 2011 च्या जनगणनेत देशात असे सुमारे 15 लाख लोक मोजले गेले. त्यातल्या किती घरांत आजीचा हा हिशेब चालला असेल कोण जाणे.

न्यू जर्सीतल्या मावसबहिणीशी बोलले तेव्हा कळलं की तिकडेही रडगाणं आहेच. तिच्या शेजारणीच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, त्याला एसएसआय नावाचा सरकारी भत्ता मिळतो. तो मिळायचा तर त्याच्या नावावर 2,000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. ही मर्यादा 1989 पासून बदललेली नाही! म्हणजे बचत करणं हाच गुन्हा. पुढे 2014 मध्ये एबल नावाची वेगळी खाती काढली त्यांनी, त्यात टाकलेले पैसे बऱ्यापैकी या मोजणीतून वगळतात. पण एक गोष्ट मला तिथली आवडली. तो मुलगा काम करून कमवायला लागला तर भत्ता एकदम बंद होत नाही. सुरुवातीची थोडी कमाई मोजतच नाहीत, आणि पुढे प्रत्येक दोन डॉलर कमाईमागे एक डॉलर भत्ता कापतात. म्हणजे काम केल्याने माणूस तोट्यात जात नाही. हा साधा उतार आपल्याकडे का नसावा? आपल्याकडे कडा आहे. 50,000 पर्यंत चालत जा, पुढे दरी.

(तिकडचं सगळं चांगलं असं समजू नका. दिव्यांगांना किमान वेतनापेक्षा कमी देण्याची परवानगी देणारं 1938 सालच्या कायद्यातलं कलम अमेरिकेत अजून आहे. ते हळूहळू बंद करायचा प्रस्ताव डिसेंबर 2024 मध्ये आला आणि जुलै 2025 मध्ये मागेही घेतला गेला. आपल्याही 1948 च्या किमान वेतन कायद्यात, कलम 26 मध्ये, दिव्यांग कामगारांना वगळण्याची मुभा सरकारला होती. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली आहे. ज्याचं नावच हजेरीवर नाही त्याला यातलं काहीच लागत नाही ही गोष्ट वेगळी.)

मग सरकारी नोकरीतलं आरक्षण? लोक हमखास विचारतात. 1995 च्या अपंग कायद्यात 3 टक्के जागा होत्या : अंध, कर्णबधिर, आणि हातापायाने अपंग. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना त्या 3 टक्क्यांत जागाच नव्हती. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि 4 टक्के झाले. चौथा टक्का कुणाचा, तर ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग, या सगळ्यांना मिळून एक. म्हणजे डिस्लेक्सिया असलेला इंजिनियर आणि आमचा मामा एकाच टक्क्यात. जाहिरातीत लिहिणार किमान दहावी पास. आता मामाने काय करायचं ते तुम्हीच सांगा. तरी कायद्यात नाव आलं हे मी छोटं मानत नाही. नाव येण्यासाठीच 21 वर्षं गेली.

दुसरा रस्ता संरक्षित कार्यशाळांचा. पुण्यात 'कामायनी' 1964 पासून आहे, नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये 'प्रबोधिनी' सुरू केली, स्वतःच्या मुलामुळे. बदलापूरची 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' ही तर पालकांनीच उभी केलेली कायमची घरं. मुंबईत जुहूला 2018 मध्ये 'कॅफे अर्पण' निघाला, तिथे अशीच मोठी मुलं-मुली ऑर्डर घेतात आणि पगार घेतात. ही माणसं आणि ही कामं मोठी आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दिवाळीला मी अशा संस्थांच्या स्टॉलवरूनच पणत्या-आकाशकंदील घेते. पण दोन गोष्टी मनात येतात. एक, यांतलं बहुतेक शहरात. घोडेगावहून कुणी रोज तिथे कसं जाणार? आणि दुसरी जरा नाजूक आहे. ती पणती मी घेते तेव्हा 'कुणी बनवली' म्हणून घेते. मामाने निवडलेला कांदा घेणारा व्यापारी मामाला ओळखतही नाही. कांदा नीट निवडलाय एवढंच तो पाहतो. त्या अनोळखीपणात मला मामाचा मान जास्त दिसतो. तुम्हाला पटेलच असं नाही.

मामाला स्वतःला काय हवं होतं, हेही सांगायला हवं, कारण आमच्या घरातल्या चर्चेत ते कुणी विचारलं नव्हतं. आईने विचारलं. 6,000 चा त्याला अर्थबोध नव्हता. त्याला हवी होती हजेरीची वही. आडतीत लाल पुठ्ठ्याची एक वही आहे, रोज सकाळी दिवाणजी त्यात नावं लिहितात आणि हमाल सह्या-अंगठे करतात. मामा 30 वर्षं ते बघतोय. तो आईला म्हणाला, "आक्का, माझं नाव लिवत्याल का?" नोकरी नाकारल्यावर मालकाने काय केलं, तर 10 रुपयांची एक वेगळी वही आणली. त्यात रोज मामाचं नाव लिहितात, मामा अंगठा उठवतो. त्या वहीला कायद्याने काही किंमत नाही. मामा भयंकर खूश आहे. मला हे गोड वाटतं आणि दुसऱ्या क्षणी पोटात कालवतं.

आता अवघड विषय. थोरले मामा, तुम्ही वाचत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

आजोबा 2016 ला गेले. साडेचार एकराच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली. माझ्या आईने आणि मावशीने रीतीप्रमाणे हक्कसोड करून दिलं (या रीतीवर एक वेगळं लिहीन कधीतरी). राहिले आजी आणि तीन भाऊ. गेल्या दिवाळीत थोरल्या मामांनी विषय काढला की धाकट्यानेही हक्कसोडपत्र करून द्यावं. त्यांचं म्हणणं सरळ आहे : त्याच्या नावावर जमीन आहे तोवर तलाठी त्याचं उत्पन्न धरणार, कांदा बरा गेला तर एकराला 50,000 कधीही पार, आणि मग पेन्शन जाईल. जमीन आमच्या नावावर असली तरी त्याला कोण उपाशी ठेवणार आहे?

थोरले मामा मनाने चांगले आहेत. 1991 ला 'चौकट राजा' आला तेव्हा धाकट्याला घेऊन तेच नगरला गेले होते, आणि प्रभावळकरांचा नंदू बघून सगळ्यात जास्त तेच रडले होते. (धाकटा झोपला होता.) त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण ते आज 64 वर्षांचे आहेत. त्यांच्यानंतर त्यांची मुलं, आणि त्यांच्या सुना अजून यायच्यात. जमीन आहे तोवर मामा घरातला वाटेकरी आहे. जमीन गेली की तो सांभाळायचं माणूस होतो. 2,500 रुपयांचं पेन्शन वाचवायला एकरभर जमीन सोडायची, हा तोच कडेवरचा हिशेब.

आणि कायदाही तसं सहज करू देत नाही, हे मी वकिलांना विचारून घेतलं. 2016 च्या कायद्याच्या कलम 13 मध्ये स्पष्ट आहे की दिव्यांग माणसाला मालमत्ता धारण करण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. आणि त्याला मदत करणाऱ्याचाच एखाद्या व्यवहारात हितसंबंध असेल, तर त्या व्यवहारापुरतं त्याने बाजूला राहायचं. म्हणजे ज्या भावांना जमीन मिळणार, त्यांनीच अंगठ्यासाठी धाकट्याचा हात धरायचा नाही. दुसरं, त्याला कागदाचा अर्थच कळत नसेल तर करार कायद्याप्रमाणे ते हक्कसोडपत्र उद्या कुणीही कोर्टात उभं करेल.

मग मार्ग काय? 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा. त्याखाली जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर स्थानिक समिती असते आणि ती कायदेशीर पालक नेमते. अनेकांना हे माहीतच नसतं की मूल 18 वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. या पालकाला मालकी मिळत नाही, फक्त जबाबदारी मिळते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. नीट सांभाळलं नाही तर पालक बदलता येतो. त्याच न्यासाची 'निरामय' म्हणून आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, तीही आम्हाला या चौकशीतच कळली. ज्यांना आईवडीलच नाहीत त्यांचं तर विचारूच नका. अमरावतीकडे वझ्झरचे शंकरबाबा पापळकर कित्येक वर्षं एकच मागतायत की अनाथ दिव्यांग मुलांना 18 व्या वर्षी बालगृहातून बाहेर काढू नका. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी त्याच्या कितीतरी आधीची आहे.

तर आमच्या घरात सध्या असं ठरलंय. हक्कसोड नाही. जमीन मामाच्या नावावरच राहील, मधले मामा कसतील, त्याचं पीक त्याच्या नावाने आडतीला जाईल. त्यामुळे पेन्शन गेलं तर जाईल. हे वाक्य आजीच्या तोंडून निघायला चार महिने लागले. पालक म्हणून माझ्या आईचं नाव द्यायचं, कारण तिने हक्क सोडलाय आणि तिचा त्या जमिनीत आता काही नाही. थोरल्या मामांनी यावर "बघू" म्हटलंय. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही नव्हे. मामींनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "मंग तो ऱ्हानार कुठं, तुमच्याकडं का आमच्याकडं?" हा प्रश्न समितीच्या अर्जात नाही. आईचं म्हणणं, तो घोडेगावातच राहील, पुण्यात फ्लॅटमध्ये आणला तर तो कुणाच्या म्हशींना पाणी पाजणार? मामींचं म्हणणं, मग करायचं आम्ही आणि कागदावर नाव तुमचं. त्यांचंही बरोबर आहे. त्याच्या खाण्यापिण्याचे आणि औषधाचे म्हणून पिकाच्या पैशातून दरमहा मामींच्या हातात काही द्यायचं, आणि ते हिशेबात दाखवायचं, असं मी सुचवलंय. घरच्या माणसाला पैसे द्यायचे म्हटल्यावर सगळे गप्प झाले. पण मामींनी नाही म्हटलं नाही.

अर्जाला यूडीआयडी कार्ड, प्रमाणपत्र, फोटो, सातबारा, आणि सगळ्या भावंडांच्या संमतीचे कागद जोडायचे आहेत. पाच पैकी चार कागद माझ्याकडे आलेत. सगळ्यांनी मिळून नगरला जायचा दिवस शुक्रवार ठरत होता, मधल्या मामांना तोच सोयीचा. धाकट्या मामाने साफ नाही म्हणून सांगितलं. शुक्रवारी बाजार असतो, तो येणार नाही. तेव्हा आता सोमवारी.